भिंतीकडं तोंड करून

अण्णा गेल्यावर लोक समाचाराला आले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे चेहरे मला ओळखू येईनात. पाठी ओळखू आल्या असत्या.

निजामाच्या अमदानीची ती शेवटची वर्षं. माझे वडील वसंतराव, म्हणजे अण्णा, निलंग्यात वकिली करीत. एका उन्हाळ्यात त्यांचा डावा डोळा लाल झाला. डोळे आलेल्या माणसाशी नजरानजर झाली की आपलेही येतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. आधी अशील खाली बघून बोलू लागले, मग बैठकीतले लोड-तक्के फिरवले गेले. मडिवाळप्पा नावाचा अशील बांधाचं भांडण भिंतीला समजावून सांगे आणि अण्णा त्याच्या मानेला प्रश्न विचारीत. एकमेकांचं तोंड दिसत नसल्यामुळं दोन भावांची तर तिथंच तडजोड झाली.

वैद्य महादेवप्पांनी पाठमोरं बसून, हात मागं करून नाडी पाहिली आणि गुलाबपाण्याच्या घड्या सांगितल्या.

"डोळा न बघताच?" मी विचारलं.

"अक्का, माझेच डोळे आले तर गावाला कोण बघंल?"

अण्णांचंही मत तेच. ते माझ्याकडं बघेनात. जेवताना आम्ही दोघं शेजारी, भिंतीकडं तोंड करून बसायचो. मी मात्र चोरून बघत असे. डोळ्यात चिपडं नव्हती. बुबुळावर धुकं आल्यासारखं दिसे. ते सारखं पाणी पीत आणि आता उजव्या हाताला ठेवलेला तांब्याही चाचपून शोधत.

"अण्णा, मी रोज बघते तुमच्याकडं. माझे कुठं आले डोळे?"

"मी बघत न्हाई, म्हणून वाचलीस."

 उदगीरहून रेल्वेनं मी त्यांना नांदेडला नेलं.

तिथले डॉक्टर थेट समोर बसले. अण्णा संकोचून मान वळवू लागले, तेव्हा त्यांनी हनुवटी धरून ती सरळ केली. मग तहानेचं विचारलं. लघवी काचेच्या नळीत औषध घालून तापवली, ती विटेच्या रंगाची झाली.

"डोळे आलेले नाहीत. ही आतली सूज आहे. मधुमेहात अशीही होते. डावा परत यायचा नाही. उजव्यालाही लागण आहे, किती दिवस दिसेल सांगता येत नाही."

"लागण?" अण्णा दचकले. "हिला?"

"तुमच्याच उजव्या डोळ्याला. दुसऱ्या माणसाला हे होत नाही."

"बघितलं तरी?"

"कितीही बघा."

परतीच्या गाडीत अण्णा सवयीनं खिडकीकडं तोंड करून बसले. परभणी गेल्यावर हळूच वळले. उजवा डोळा बारीक करून माझ्याकडं बघत राहिले. शेजारची बाई अवघडून पदर सावरू लागली.

"कुंकू जरा बाजूला गेलंय तुझं," ते म्हणाले.

मी हात वर नेला.

"थांब," अण्णा म्हणाले. "हलू नको. अजून बघायलोय."