पलंगाजवळची फळी

"कोपऱ्यातून धरलंस ना? आता बघ, मधे फुगणार," पलंगावरून मास्तर म्हणाले. जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं.

खाली बसलेल्या बायकोने हातोडी बाजूला ठेवली. फळीवर ताणलेला मांजरपाट खरंच मधोमध फुगला होता.

"फुगू दे. इस्त्री फिरली की बसेल."

"बसायला त्याला जागा कुठे आहे? चुणी पडेल नुसती. काढ ते."

तिला रडूच यायचं बाकी होतं. मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात तिने जन्मभर काजं केली, बटणं लावली. गल्ली तिला अजून 'काजवाली' म्हणत होती. काम कडेपासून धरायचं, ही हाताची सवय. ती आता कुठे सुटणार?

मास्तरांची उजवी बाजू गेली, दुकान बंद झालं, तेव्हापासून ती घरीच तुकड्यांच्या गोधड्या शिवत होती. मशीन इथेच, पलंगाजवळ होतं. पण जोडलेला प्रत्येक तुकडा इस्त्रीने दाबल्याशिवाय पुढची शिवण सरळ येत नाही. इस्त्रीचं टेबल होतं स्वयंपाकघरात. गेल्या आठवड्यात ती तिकडे असताना मास्तर पाण्यासाठी उठायला गेले आणि धाडकन पडले. त्याच दिवशी लेकीने बजावलं, "पुन्हा असं झालं तर बाबांना मी माझ्या घरी घेऊन जाणार."

म्हणून हा खटाटोप. कपाटातली एक फळी काढली, वर जुनं लोकरी ब्लँकेट दुहेरी घातलं, त्यावर धुतलेला मांजरपाट. ही फळी मशीनशेजारी स्टुलावर ठेवली की खोलीबाहेर जायलाच नको.

लेक खुर्चीत बसून बघत होती. "आई, चेहरा बघ तुझा. राहू दे ना ते. मी बाबांना चार दिवस नेते, तू जरा पाठ टेक."

"चार दिवस म्हणून नेशील, आणि..." ती पकडीने एकेक खिळा उपटत राहिली.

"मधून धर," मास्तर म्हणाले. "एक खिळा या बाजूला, मग बरोबर समोर. मग उरलेल्या दोन बाजू. कोपरे सगळ्यात शेवटी. कापड आपोआप सरळ होतं."

"अहो, ओढू का ठोकू? हात दोनच आहेत मला. खालचं ब्लँकेट सरकतंय."

लेक उठली. "मी धरते."

"तू बस," मास्तर म्हणाले. मग बायकोकडे बघून, "स्टूल इकडे ओढ. फळीवर माझा हात ठेव."

तिने डाव्या हाताकडे हात नेला.

"तो नको, तो हलतो. उजवा ठेव."

ती थबकली. इतक्या महिन्यांत त्या हाताला तिने पुसलं होतं, तेल लावलं होतं, बाहीत घातलं होतं. काम कधी सांगितलं नव्हतं. तिने फळी स्टुलावर ठेवून पलंगाला लावली, तो हात दोन्ही हातांनी उचलला आणि फळीच्या मधोमध पालथा ठेवला. वजन चांगलं होतं. ब्लँकेट जागेवर राहिलं. कापड ओढून ती फळीच्या कडेला खिळे ठोकू लागली.

"हलू नका हं," सवयीने ती म्हणाली.

"हलतोय कुठे मी!"

लेक फसकन हसली, आणि मग उगाच खिडकीकडे वळली.

शेवटचा कोपरा दुमडून झाला. लेकीने जवळ येऊन हाताच्या चहूबाजूंनी बोटं फिरवली. कुठे फुगवटा नव्हता.

"उद्या येताना नळीची बाटली आणते," ती म्हणाली. "उशाशी ठेवली की बाबांना पाण्यासाठी उठावं लागणार नाही."

काजवालीने नुसती मान हलवली. मास्तरांचा हात उचलून तिने चादरीवर ठेवला. तळव्यावर मांजरपाटाची वीण उमटली होती, लालसर. अंगठ्याने तिने ती हळूहळू चोळली.

"दुखलं का हो?"

"काय?" मास्तर म्हणाले. ते फळीकडे बघत होते. "इस्त्री तापत ठेव."