पिलांचा बल्ब आणि मी

आज मला कुणी ओळखणार नाही. मी सोन्याचं वेढं होतो, साधं, बिनखड्याचं. वेल्ह्याजवळच्या एका वाडीत जाईबाईंच्या बोटात असायचो. आता नुसता एक ओबडधोबड मणी उरलोय. दमलोय, तरी सांगतो.

भोरच्या बाजारात सोनाराच्या शेगडीपुढं माझा जन्म झाला. लग्नात जाईबाईंच्या बोटात आलो. त्यांच्या घरची रीत अशी, की तान्ह्या पोराला गुटी द्यायची तर सहाणेवर सोनंही उगाळायचं. छायाच्या वेळी मला उगाळलं, मग धाकट्या प्रेमच्या वेळी. प्रेमची गुटी छायाच करायची. एवढीशी पोर, पण आईच्या बोटातून मला ओढून काढायची. म्हणायची, "मी उगाळनार, तू लई जोरात घासतीस." प्रेमच्या पोटात जे काही सोनं गेलं, ते त्याच्या आक्काच्या हातचं.

सुखात माणसं मला विसरतात. आजारपणात मात्र आधी माझ्याकडं बघतात.

पुढं मोठेपणी छायाच्या दंडावर गाठ आली. लिंबाएवढी होईपर्यंत तिनं ती झंपराच्या बाहीत लपवली. भातलावणी उरकू दे, म्हणाली. पुण्यात दाखवलं तेव्हा कॅन्सर निघाला, फुप्फुसात उतरलेला. औषधं झाली, केस गेले, गाठ जागची हलली नाही. "आता घरी न्या. त्रास कमी राहील असं बघू," डॉक्टर म्हणाले.

त्याच दवाखान्याच्या आवारात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शेफाली मॅडम होत्या. प्रेमनं रडत त्यांची वाट अडवली. त्यांनी त्याला बाकावर बसवून समजावलं. सोन्याचे कण करतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत असे. ते गाठीत सोडायचे आणि वरून ठरावीक उजेड टाकायचा. कण उजेड शोषून तापतात. गाठ भाजून मरते, शेजारचं मांस बरंचसं वाचतं.

"पण दादा, आम्ही अजून उंदरांवरच करतोय. आणि ताईंचं पसरलंय. त्यांना याचा उपयोग नाही."

प्रेमच्या डोक्यात सोनं, उजेड आणि आच एवढंच राहिलं. तो शिवऱ्याला पोल्ट्रीत कामाला होता. तिथला पिलांना ऊब द्यायचा मोठा बल्ब त्यानं घरी आणला. जाईबाई मला फडताळात काढून ठेवून रानात गेल्या होत्या. त्यानं मला बाहेर काढलं, सहाण घेतली आणि घासघास घासलं. माझी एक बाजू कागदासारखी झाली. ते पाणी त्यानं गाठीला चोपडलं आणि बल्ब अगदी जवळ धरला.

"आरं, मी काय पिल्लू हाय व्हय?"

"गप बस आक्का. सोनं हाय ह्ये. मरंल ती गाठ."

"आन् अंडी कवापासनं द्यायची म्या?"

प्रेम हसला. कितीतरी दिवसांनी हसला. ते बघून छायानं दंड तसाच पुढं धरून ठेवला. मी सहाणेवर पडून बघत होतो. माझं ते उगाळलेलं पाणी कसलं तापणार? तापली तिची कातडी. तिनं ओठ दाबून धरले, पण हात काही मागं घेतला नाही.

जाईबाई आल्या तेव्हा फोड वर आले होते.

"मेल्या, पोळलंस की माझ्या लेकीला!" त्यांनी बल्ब अंगणात आपटला.

"त्याला वरडू नगं, आई," छाया म्हणाली. "त्यो लांबच धरत हुता. म्याच म्हनलं, जवळ घे."

खोटं बोलली. माझ्याशिवाय आणि प्रेमशिवाय ते कुणालाच कळलं नाही.

भात कापणीला यायच्या आत छाया गेली. जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीपानासोबत सोन्याचा कण ठेवतात. जाईबाईंनी मला अख्खाच ठेवला. नदीकाठी चिता पेटली आणि तेव्हा मात्र मी तापलो. पाणी पाणी झालो. ती गाठ जळाली, पण छायाही जळाली. मला निवड करता आली नाही.

राख सावडताना प्रेमला सापडलो. कुणाला न सांगता त्यानं पुण्याची एसटी धरली.

"मॅडम, ह्येचं कण करा."

"दादा, आमचं सोनं वेगळं येतं. हे नाही चालायचं."

"मग नुस्तं ठिवा. कुनाची तरी आक्का वाचंल, तवा बगा ह्येच्याकडं."

मॅडमना नाही म्हणवेना. तेव्हापासून मी इथं प्रयोगशाळेच्या फळीवर आहे. शेजारच्या बाटलीत लालसर पाणी आहे. त्यातले सोन्याचे कण म्हणे माझेच भाऊबंद. ते कुठं तापायचं ते शिकताहेत. त्यांना घाई करा म्हणावंसं वाटतं, पण घाईनं काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून तुम्हालाच सांगतो, गाठ बाहीत लपवू नका. लावणी कुणीही उरकेल.

प्रेम अधूनमधून येतो. दारातूनच विचारतो, "झालं का, मॅडम?"

"अजून नाही, दादा."

तो घटकाभर माझ्याकडं बघतो आणि परत निघतो. दिवस कलायला लागलेला असतो. शिवऱ्याला पिलांचे बल्ब लावायचे असतात.