दुसरी सीट

आमच्या ह्यांनी बॅटरी निवडायला दीड वर्ष घेतलं. जावई मात्र एका संध्याकाळी निवडला, तोही चहा गार व्हायच्या आत.

हे म्हणजे हरिचंद्र, आनंदनगरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बदलापूर गावात आमचं घर आणि अंगणात एक जुनी मारुती. दोन हजार आठ साली पेट्रोल महागलं तसं ह्यांच्या डोक्यात भरलं, की मारुतीचं इंजिन काढायचं आणि ती विजेवर चालवायची. इंजिन निघालं, मोटर बसली आणि सगळं घोडं बॅटरीपाशी येऊन अडलं.

साध्या शिशाच्या बॅटऱ्या ह्यांना नको होत्या. वजनाला भारी, आणि लागणार इतक्या, की मागे मावून उरतील त्या पुढच्या सीटवर ठेवाव्या लागणार. गाडीत चालवणारा एकटाच. लिथियमचे सेल हलके, लहान, सगळे मागेच बसणार होते. उल्हासनगरचा एक सिंधी व्यापारी चीनहून माल आणायचा. त्याने आधी वापरलेले सेल दाखवले, स्वस्तात. हे त्याच्यावरच उखडले. "कोणाकडून आले, त्यांनी कसे वापरले, किती तापवले, काय म्हायत नाय. असल्यांच्या भरवशावर माणूस बसवायचा?"

मग नवे आले. सगळे एकाच खेपेतले, कारण एक जरी कच्चा निघाला तरी बाकीच्यांना घेऊन बुडतो म्हणे. प्रत्येक सेलला मीटर लावला, तापतो का म्हणून वर हात ठेवून बघितलं. दोन परत पाठवले.

ह्याच दिवसांत आमच्या लेकीला, उन्नतीला, वांगणीचं स्थळ आलं. मी म्हटलं, मुलाच्या शेजारीपाजारी जरा विचारा. तर म्हणाले, "एवढी चौकशी बरी दिसत नाय. नोकरी हाय, सोताची खोली हाय, अजून काय पायजे?"

मला राग येतो तो ह्याचाच. ज्याला चौकशी करताच येत नाही, त्याला मी माफ केलं असतं.

लग्न होऊन उन्नती वांगणीला गेली. दिवाळीनंतर गाडी तयार झाली आणि त्याच आठवड्यात वांगणीहून फोन आला. उन्नतीची शेजारीण माया बोलत होती. "मावशी, पोरीला घेऊन जा. ती काय बोलायची नाही. पण आमची भिंत एकच आहे, मला सगळं ऐकू येतं."

मी म्हटलं, "अहो, रिक्षा करू, आत्ताच निघू."

"लेकीला रिक्षातून काय आणायची? गाडी हाय ना," हे म्हणाले.

गाडीत दोनच सीटा. मी गेले तर पोर बसणार कुठे? म्हणून मी मागे राहिले. चार्जिंग पूर्ण होईस्तोवर दुपार झाली. निघताना मी दुसऱ्या सीटवर धुतलेली चादर घातली आणि ह्यांना हात जोडले. "वाद नको, काही नको. तिला बसवा आणि या."

दिवेलागणीला गाडी आवाज न करता अंगणात शिरली. मी धावत जाऊन पलीकडचं दार उघडलं. चादरीवर कमलेश बसला होता, आमचा जावई.

"त्यांना बघायचं होतं, परत येईपर्यंत चार्ज किती उरतो," हे म्हणाले. इतका खुशीत हा माणूस मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "सेलचं सगळं विचारून घेतलं त्यांनी. असा समजूतदार माणूस. काहीतरी गोड कर."

मी त्यांना बाजूला ओढलं. "उन्नती?"

"पिशवी भरून बसली होती. मी बोललो, पुढच्या खेपेला नेतो. त्या मायाला काय, भिंतीला कान लावायची सवय."

शिरा केला मी. हात आपोआप चालत होते म्हणून झाला. कमलेशने जेवायला बसताना खिशातून मोबाइल आणि किल्ली काढून बाजूला ठेवली. किल्ली मी ओळखली. तिचं पितळेचं जड कुलूप मीच रुखवतात दिलं होतं.

"उन्नती बाहेर गेलीय का कुठे?" मी विचारलं.

"नाय, घरातच हाय," तो घास घेत म्हणाला.

"मग कुलूप?"

"जमाना खराब हाय, आई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ऐकलं होतं. मान खाली घालून त्यांनी ताटातला शिरा संपवला आणि म्हणाले, "चला, सेल तापलेत का बघू."

दोघे अंगणात गेले. किल्ली ताटाशेजारीच राहिली होती. मी ती उचलली, मागच्या दाराने बाहेर पडले आणि नाक्यावर रिक्षा पकडली.

वांगणीला कुलूप काढलं, तर उन्नती दाराशीच बसलेली, मांडीवर पिशवी. दुपारपासून ती तिथून उठली नव्हती. एक गाल सुजला होता. ती माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत राहिली.

"बाबा कुठायत?"

"घरी," मी म्हटलं. "सेल तापलेत का बघतायत, हात लावून."