खारा गडू

समुद्रापासून इतक्या लांब, औरंगपुऱ्याच्या गल्लीत, जिथं दोन रिक्षा समोरासमोर अडकल्या की रिक्षावाले आधी एकमेकांच्या घरची खुशाली विचारतात आणि मग भांडतात, तिथं खाऱ्या पाण्याचे मासे जगवून दाखवणारा माणूस एकटा मीच, असं नानासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि लगेच शेजारच्या खुर्चीकडं बोट करून, "एकटा म्हणजे आम्ही दोघं," अशी दुरुस्तीही करत. त्या खुर्चीत शौकतभाई असत. दुकान दोघांचं, कुलपाच्या किल्ल्या दोन, आणि चहा मात्र एकच, दोन बशांत ओतलेला.

शाळा दोघांचीही अर्ध्यावर सुटलेली. पाण्यात समुद्री मीठ किती घालायचं हे त्यांना मेलेल्या माशांनी शिकवलं होतं. दर्शनी भागातली मोठी टाकी म्हणजे त्या शिक्षणाची पदवी. तिच्या काचेवर आणि दगडांवर शेवाळ माजू नये म्हणून तिच्यात समुद्री गोगलगाई सोडलेल्या असत. शौकतभाई त्यांना घरजावई म्हणत. "पडून खातात, पण ह्यांच्या खाण्यानं घर साफ होतं, एवढाच फरक." आणि टाकी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला नानासाहेब एक गोष्ट सांगत: छावणीतल्या एका गिऱ्हाइकानं नवस म्हणून देवघरातलं तांब्याचं जुनं नाणं टाकीत सोडलं, तर मासे ठणठणीत राहिले आणि गोगलगाई तेवढ्या तळाशी उलट्या पडल्या. तांबं त्यांना विषासारखं. एवढं सांगून ते गिऱ्हाइकाच्या हातातलं तांब्याचं कडंसुद्धा काढायला लावत.

नानासाहेबांच्या बायको द्वारकाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या, त्यानंतरची ही गोष्ट. घर रिकामं झालं, म्हणून नानासाहेब दुकानात लवकर येऊ लागले. एका सकाळी शौकतभाईंनी बशी खाली ठेवून त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"नाना, दात लई चमकायलेत. पान सोडलं का काय?"

"पान सुटलं तर मी सुटेन."

"मग वहिनी नाय म्हणून कुणासाठी घासायले?"

दोघंही हसले. त्याच दिवशी दुपारी पहिली गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत पडली.

आठवड्याभरात सगळ्याच पडल्या. नानासाहेबांनी रिकामे शंख हातानं वेचले, तेव्हा एक कमी भरला. वाळू उपसली, दगड उचलले, तो सापडला नाही. मग त्यांनी टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन वर औषधाचे थेंब टाकले. तांबं असलं की पाणी निळं होतं. ते शाईसारखं निळं झालं.

उन्हानं टाकीतलं पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं, म्हणून रोज गोडं पाणी वरून घालावं लागतं. ते काम पहिल्यापासून शौकतभाईंचं. त्यांच्याखेरीज टाकीला कुणी हात लावत नसे, आणि तांब्याचा गुण त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. नानासाहेबांनी हा विचार दोन दिवस बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी चितेगावचं एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "शौकतभाईंचा ओवैस छावणीत गाळा घ्यायलाय म्हणं. तुमचीच शाखा का?" नानासाहेब हसून "व्हय" म्हणाले, आणि त्या एका शब्दासरशी बाजूला सारलेलं सगळं पुन्हा समोर येऊन बसलं.

"ओवैसच्या गाळ्याचं मला का नाय सांगितलं?" त्यांनी शौकतभाईंना विचारलं.

"पोरगं म्हणालं, पक्कं झाल्यावर सांगू. तुम्हालाच पेढे पहिले."

"आणि पाण्यात तांबं कुणी घातलं, ते पेढ्यांच्या आधी सांगता का नंतर?"

शौकतभाईंना बोलणं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा काच पुसावी तसा कोरा झाला.

"मी घातलं?"

"गोगलगाय नि पोटात पाय, असं आमची आई म्हणायची. मला वाटायचं, जनावराबद्दल म्हणते."

शौकतभाईंनी खिशातली किल्ली काढून दोन बशांच्या मधोमध ठेवली. "नाना, तुम्ही ओरडले असते तर बरं झालं असतं," एवढं म्हणून ते पायऱ्या उतरले.

नानासाहेबांनी कुलूप बदललं. नव्या गोगलगाई मागवल्या, त्यांच्या पिशवीत टाकीचं पाणी नळीनं थेंब थेंब सोडलं आणि दुपारभर शेजारी बसून त्या रुळेपर्यंत वाट पाहिली. आता गोडं पाणीही ते स्वतःच घालत, कंपनीच्या सीलबंद जारमधून. ज्याच्यासोबत आपण इतकी वर्षं बशीतला चहा अर्धा केला, त्यानं आपल्याला आतून पोखरावं, ह्याचं दुःख त्यांना माशांसमोरही बोलून दाखवता येईना.

नव्या गोगलगाई त्याच आठवड्यात पडल्या. पाणी निळं. शंख, पुन्हा एक कमी.

त्या संध्याकाळी द्वारकाबाई नाशिकहून परतल्या. पदर खोचून आवराआवर करता करता म्हणाल्या, "शौकतभाईंच्या वहिदाभाभींचा फोन होता. रडत होत्या. ओवैसनं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकलंय, त्याचा तुम्हाला एवढा राग का यावा?"

द्वारकाबाईंनी पलंगाशेजारचा तांब्याचा गडू चिंचेनं घासायला उचलला. नानासाहेब लग्नापासून रात्री उशाशी पाणी ठेवून पहाटे त्याच गडूला तोंड लावत. गडूनं घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्या थबकल्या. काठावर पांढरं काहीतरी सुकलं होतं. त्यांनी तळहातावर चार थेंब घेऊन जिभेला लावले आणि लगेच मोरीत थुंकल्या.

"अहो, हे खारं आहे. समुद्रासारखं."

नानासाहेबांनी गडू घेतला आणि घोट घेतला.

"गोड तर आहे," ते म्हणाले. "रोजच्यासारखं."

द्वारकाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "तुमचे दात," त्या हळूच म्हणाल्या, "लग्नातल्यासारखे दिसतायत."

नानासाहेबांनी पाणी ओतून दिलं आणि गडू खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. इतके दिवस घासला नसल्यानं आतून हिरवा कळंक दाट चढला होता, शेवाळासारखा. आणि त्या हिरव्यातून, तळापासून वर, एक बोटभर रुंदीची वाट कुणीतरी चाटून लख्ख केली होती. ती वळणं घेत गळ्यापर्यंत आली होती, काठ ओलांडून बाहेर उतरली होती, आणि जिथं ते रोज ओठ टेकवत, बरोबर तिथं संपली होती. हरवलेली गोगलगाय रात्री इथं येत होती, आणि तांबं टाकीत गेलं ते शौकतभाईंच्या हातून नव्हे, त्यांच्या स्वतःच्याच तोंडावाटे.

त्यांनी दातांवरून जीभ फिरवली. इतक्या वर्षांच्या पानाचा एक कणही तिला लागला नाही.