पातेल्याला कळलेला ताप

स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, एक काळ्या बुडाचं पातेलं पालथं घातलेलं असतं. दिसलं ना? तेच मी. आमच्या घरात मला नुसतं 'काढ्याचं' म्हणतात. माझ्यात कुणी चहा टाकला किंवा दूध तापवलं, तर घरात दिवसभर धुसफूस चालते.

मित्रांनो, माझा जन्म काही थाटामाटात झालेला नाही. एका लांबलचक शेडमध्ये स्टीलच्या गोल चकत्या यंत्राखाली जायच्या आणि पातेली होऊन बाहेर पडायच्या. माझ्या वेळी चकती जरा सरकली आणि माझी कड एका बाजूला ओठासारखी पुढे आली. तपासणाऱ्या माणसाने मला उचललं, नाक मुरडलं आणि टाकाऊ मालाच्या ढिगात भिरकावलं. त्या ढिगात सगळे असेच होते, कुणाचं बूड वर आलेलं, कुणाचा कान तिरका. पुढे एका दुकानदाराने आम्हाला आणून दारातच मांडलं. येणारा-जाणारा बोटाने टकटक करायचा आणि आतल्या चकचकीत मालाकडे वळायचा. मला फार अपमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग एक बाई आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती, म्हणजे शिवणयंत्रावरून उठून थेट बाजारात आलेल्या. त्यांनी माझ्या पुढे आलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हे द्या. याच्यातून ओतताना सांडायचं नाही." दुकानदाराला हसू आलं. मला मात्र तेव्हाच वाटलं की आपलं नशीब उघडलं.

त्या बाई म्हणजे आमच्या घरातली आई. घर इस्त्रीच्या दुकानाच्या वरचं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आईचं शिवणयंत्र, त्याच्या शेजारी आजोबांची खाट. आजोबा म्हणजे आईचे सासरे. जन्मभर छापखान्यात काम केलेले, आणि आता दिवसभर वर्तमानपत्रातल्या चुका काढणारे. बाबा बस चालवायचे. ताई कॉलेजात होती. आत स्वयंपाकघर, आणि तिथे मी.

आता माझं काम सांगतो. कुणाला सर्दी झाली, घसा धरला, अंग कसकसलं, की मला खाली काढायचं. पाणी माझ्या कानाच्या खालच्या खिळ्यापर्यंत. आलं किसायचं नाही, ठेचायचं. थोडे मिरीचे दाणे, दालचिनीचा तुकडा, ज्येष्ठमधाची काडी. मंद आचेवर पाणी आटू द्यायचं. पुदिना गॅस बंद केल्यावर टाकायचा आणि लगेच झाकण ठेवायचं, नाहीतर सगळा वास खिडकीतून शेजाऱ्यांकडे जातो. लिंबू पेल्यात पिळायचं, पातेल्यात कधीच नाही, कडवट होतं. मध सगळ्यांत शेवटी, पेला हातात धरवेल इतका निवला की मगच. हे सगळं झालं की आई तळहातावर चार थेंब घ्यायची, जिभेला लावायची आणि "हं" म्हणायची. तो "हं" आल्याशिवाय एकही पेला बाहेर जायचा नाही.

आईचा एक नियम होता. ज्याला ताप, त्याने ओट्याकडे फिरकायचं नाही. आजारी माणसाच्या जिभेला चव नसते, मग तो आपला आलं वाढवत बसतो, असं ती म्हणायची. एकदा बाबा नाक पुसत पुसत स्वतःच काढा करायला आले, तर तिने त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. "तुमच्या जिभेचं काही खरं नाही. जा, पडा जाऊन." बाबा बसमधल्या पन्नास माणसांना गप्प बसवायचे, पण ते मुकाट्याने जाऊन पडले.

काढ्याचं कौतुक तर विचारू नका. शेजारचे लोक पेला घेऊन जिन्यात उभे राहायचे. इस्त्रीवाल्या मावशी कपडे द्यायला वर आल्या की त्यांना एक पेला ठरलेला. आजोबांना चव अजिबात आवडायची नाही, तरी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे आणि म्हणायचे, "हिच्या काढ्याने मेलेला माणूस उठून बसेल. आणि पहिला घोट घेतला की परत आडवा होईल." आई हसायची आणि दुसरा पेला भरायची. सगळ्यांना पाजून माझ्या तळाशी जे उरायचं, ते ती उभ्या उभ्याच प्यायची आणि यंत्रावर जाऊन बसायची.

मग तो हिवाळा आला. हवा दमट, कपडे वाळत नव्हते, आणि रस्त्यावर जो दिसेल तो खोकत होता. आधी बाबा बसमधून ताप घेऊन आले. मग ताई पडली, आणि तिच्या पाठोपाठ आजोबा. घराचा पार दवाखाना झाला. आई एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे, आणि मधे मधे माझ्याकडे. मी सकाळपासून गॅसवरून उतरत नव्हतो, पण तक्रार नव्हती. अशाच दिवसांसाठी तर आपण असतो, मला तर उलट बरं वाटत होतं.

एका सकाळी आईने माझे कान धरले, आणि मित्रांनो, मी अजून गॅसवर चढलोही नव्हतो, तरी मला चटका बसला.

माणसांना थर्मामीटर लागतो. मला नाही. माझा सगळा जन्म आचेवर गेला आहे. तो हात तापलेला होता, चांगलाच तापलेला. आईने पदराने कपाळ पुसलं, ओट्याला टेकून थोडं उभी राहिली आणि पाणी ओतायला लागली. नियम तिचाच होता. पण तो पाळला असता तर काढा करणार कोण? घरात दुसऱ्या कुणाला तो येतच नव्हता. म्हणून तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, हिच्याकडे बघा. पण पातेलं काय ओरडणार? झाकण थडथडवलं, तेवढंच.

आणि काढा कसा झाला म्हणता? भयंकर. आलं दुप्पट पडलं होतं. लिंबू तिने सालासकट माझ्यातच उकळत टाकलं. तळहातावर थेंब घेतले, जिभेला लावले, आणि ती नुसती बघत राहिली. तिला काहीच कळेना. मग तिने आणखी आलं ठेचलं. शेवटी स्वतःशीच "हं" म्हणाली आणि पेले भरले. मी वाट बघत होतो की आता कुणीतरी तोंड वाकडं करेल, आजोबा काहीतरी खवचट बोलतील, आणि घरात कळेल. पण बाबा गटागटा प्यायले. ताईने डोळे न उघडता पेला रिकामा केला. आजोबा म्हणाले, "आज बरा लागला." तिघांच्याही जिभा तापाने मेलेल्या. ज्यांना ओळखता आलं असतं, त्यांना चवच नव्हती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिचा हात आणखी गरम. आता ती बोलताना मधेच थांबायची. माझ्यात पाणी भरून नळापासून गॅसपर्यंत यायलाही तिला धाप लागत होती. आतून ताई हाक मारायची, "आई, पाणी दे ना." ती "आले गं" म्हणायची, दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबायची आणि मग हसऱ्या तोंडाने आत जायची. बाबांना जरा उतार पडला होता. ते उठून बसले आणि म्हणाले, "तुला बरं आहे ना?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांचा मला अजून राग येतो, पण ताप त्यांनाही होता, हेही खरं.

दुपारी इस्त्रीवाल्या मावशी कपड्यांचा गठ्ठा घेऊन वर आल्या. त्यांना या साथीने गाठलं नव्हतं. आईने सवयीने पेला भरून त्यांच्या हातात दिला. मावशींनी घोट घेतला आणि पेला ओट्यावर ठेवला.

"वहिनी, बसा जरा."

"बसायला वेळ कुठाय? दुसरं पाणी चढवलंय."

"हा काढा तुमचा नाही. लिंबाचं साल उकळलंय याच्यात. तुम्ही कधी असं करता का?" मावशींनी आईचा हात धरला, मग कपाळाला हात लावला. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं. "किती दिवस झाले?"

आई हळूच म्हणाली, "यांना कळू देऊ नका. जरा उठले की सांगेन." तिला पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण श्वास पुरला नाही. ती ओट्याला पाठ लावून खाली सरकली आणि फरशीवर बसली. तिचे ओठ निळसर पडले होते.

मावशींनी बाबांना हाक मारली. ते पांघरुणासकट धडपडत आले. ताई भिंतीला धरून आली. आजोबा खाटेवरून विचारत राहिले, "काय झालं? कुणी सांगेल का मला?" मावशी खाली धावल्या आणि शेजाऱ्यांची गाडी दारात आणली. आईला खुर्चीवर बसवून खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मी गॅसवर तसाच होतो. पाणी आटलं, आलं जळलं, धूर झाला, तेव्हा कुठे ताई परत आली आणि तिने गॅस बंद केला. माझं बूड काळं झालं ते तेव्हा. त्याचं मला काही वाटलं नाही, माझं सगळं लक्ष जिन्याकडे होतं.

हॉस्पिटलात मी नव्हतो. पुढे घरात बोलणं झालं ते मी फळीवरून ऐकलं. फ्लू छातीत उतरला होता आणि दोन्ही फुप्फुसं भरली होती. डॉक्टर बाबांना म्हणाले, "यांना आधीच आणायला हवं होतं." बाबा म्हणाले, "आम्हाला माहीतच नव्हतं." डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोण कोण होतं?" बाबा म्हणाले, "आम्ही सगळे होतो." आजोबांना हे सांगताना त्यांना रडू फुटलं. बस चालवणाऱ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. मी घशापर्यंतचा वैद्य. नाक मोकळं करीन, घसा शेकीन, अंगात जरा ऊब आणीन. छाती माझ्या हातात नाही. धाप लागली, ओठांचा रंग बदलला, की माझ्याकडे बघायचं नाही, डॉक्टरकडे पळायचं. हे मला तोंड असतं तर मी त्या सकाळीच सांगितलं असतं.

आई वाचली. पण घरी आली ती अर्धी होऊन. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. आणि तिची चव गेली. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. ती पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. नियम तिचाच होता, ज्याच्या जिभेला चव नाही त्याने ओट्यापासून लांब राहायचं. बाकीच्यांना तर माझ्याकडे बघवतच नव्हतं. बाबांनी मला माळ्यावर टाकलं. सर्दी झाली की घरात बाटलीतलं औषध यायचं. मी धुळीत पालथा पडून होतो. भंगारवाल्याची हाक ऐकली की वाटायचं, आता आपली पाळी.

पुढच्या थंडीत आईला शिंका आल्या. नुसत्या शिंका, पण घरातलं वारंच पडलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साधी सर्दी आहे, घाबरू नका. तरी बाबा तिच्या आजूबाजूला घुटमळत राहिले. ताईने स्टूल घेतलं, मला माळ्यावरून उतरवलं आणि लिंबाच्या फोडीला मीठ लावून घासत बसली. काळं गेलं नाही. ती म्हणाली, "राहू दे."

मग तिने मला गॅसवर ठेवलं. बाबा स्वयंपाकघरात आले आणि जरा अवघडून तिच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही ना तुला?" "नाही हो बाबा." तेव्हा त्यांनी आलं ठेचायला घेतलं. आई दारात खुर्ची टाकून बसली होती आणि तिथूनच सांगत होती. पाणी खिळ्यापर्यंत, पुदिना नंतर, झाकण लगेच. आलं किती, हे मात्र तिला सांगता येईना. ते तिच्या जिभेत होतं, शब्दांत कधीच नव्हतं. ताईने तळहातावर थेंब घेतले, चाखले, थोडं पाणी घातलं, पुन्हा चाखले. आम्ही सगळेच वाट बघत होतो. शेवटी ती "हं" म्हणाली.

पहिला पेला तिने आईला दिला. आईने घोट घेतला. आजोबांनी खाटेवरून विचारलं, "कसा झालाय?"

आई म्हणाली, "चव काही कळत नाही. पण बसून पितेय."

एवढ्या वर्षांत तिला बसून काढा पिताना मी कधीच पाहिलं नव्हतं. बाबा मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मित्रांनो, माझं बूड काळं आहे, ते काळंच राहील, मला घासून लख्ख करा असं मी म्हणणार नाही. माझं मागणं दुसरं आहे. घरात सगळे आजारी असताना एक जण सगळ्यांना गरम पेला आणून देत असेल, तर तो पेला जरा बाजूला ठेवा. आधी आणणाऱ्याच्या कपाळाला हात लावा. ती "मला काय धाड भरलीय" म्हणेल. तरीही लावा.