फेरेतिच्या डुकराची तब्येत

"तुमचा विश्वास बसायचा नाही," फेरेति म्हणाला, "पण हे डुक्कर नुसती भाषणं ऐकून एवढं झालंय."

लागीने डुकराकडे पाहिलं. नीरफणसाच्या सावलीत ते आडवं पडलं होतं, आणि आडवं पडूनही इतर डुकरांच्या उभ्या उंचीला भारी होतं. अंगावरचे केस खोबरेल चोपडल्यासारखे चमकत होते. सातोमालू गावात डुकरांना तोटा नाही, पण बाकीची म्हणजे चालत्या बरगड्या. हे एकटंच असं गुबगुबीत आणि तृप्त, की गावाने त्याचं नाव पादरी ठेवलं होतं. अर्थात खरे पादरी जवळपास नसताना.

फेरेति रंगात आला होता. रोज सकाळी तो म्हणे या डुकरासमोर उभा राहून भाषणाची तालीम करी. सवाईई बेटावरच्या एकूण एक गावाचे मान, बिरुदं, घराणी, सगळं त्याच्या कानावरून गेलेलं. मागे एकदा एका घराण्याचा पणजोबा चुकला, तर डुकराने मान हलवून नाही म्हटलं. फेरेतिने घरात जाऊन वही उघडली, तर डुकराचं बरोबर.

फेरेति गावाचा बोलणारा सरदार. सभेत बाकीचे सरदार खांबाला पाठ टेकून बसतात आणि हा गावाच्या वतीने उभा राहून बोलतो. आपल्या आवाजाने झाडावरचे नारळ पडतात असं तो सांगे. एकदा खरंच एक पडला, तेव्हापासून ते खोटं ठरवणं जरा अवघडच झालं होतं.

लागी हत्तीरोगाचा माग काढणाऱ्या पथकातली. आली होती राजधानीहून, आपियाहून, पण आईकडून याच बेटावरची, म्हणून अशा गोष्टींत कुठे हसायचं ते तिला ठाऊक होतं. आठवडाभर ती आणि तिची दोन माणसं घरोघर बोटाचा एक एक थेंब रक्त घेत फिरत होती. थेंब पट्टीवर टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर माणूस मोकळा. दोन उमटल्या तर अंगात हत्तीरोगाचे जंत.

पलीकडे फेरेतिची थोरली बहीण फुआतिनो चटई विणत बसली होती. पाय पुढे पसरलेले आणि रीतीप्रमाणे त्यांच्यावर दुसरी चटई टाकलेली. त्या चटईखाली तिचा डावा पाय गुडघ्यापासून खाली ओंडक्यासारखा झाला होता. पस्तीस वर्षं झाली त्याला. फेरेतिने या पायाची एक गोष्ट रचली होती. फुआतिनोने तरुणपणी खडकावरून एका शार्कच्या तोंडावर लाथ हाणली, शार्क तीन दिवसांनी मेला, आणि जाता जाता त्याचा जीव हिच्या पायात शिरला. नवा माणूस पायाकडे बघू लागला रे लागला, की फेरेति ही गोष्ट सुरू करी. माणूस मग पाय विसरून गोष्ट ऐके. शार्क दरवर्षी हातभर वाढत होता. फुआतिनो त्यावर कधी काही बोलत नसे. मात्र कुणी तीनऐवजी दोन दिवस म्हटलं, तर ती दुरुस्त करी.

डुकराची गोष्ट संपल्यावर लागीने गावाचा नकाशा चटईवर पसरला. ज्या घरांत दोन रेघा निघाल्या, तिथे तिने लाल ठिपके दिले होते. साऱ्या गावात ठिपके अकरा. त्यांतले नऊ याच नीरफणसाच्या भोवती दाटले होते, वाटीतल्या साखरेला मुंग्या लागाव्यात तसे.

तिने समजावून सांगितलं ते असं. आपल्याकडचा हा डास दिवसा चावतो, आणि मोठा आळशी आहे. उंदरांनी कुरतडलेल्या नारळाच्या करवंटीत पाणी साचतं, तिथे जन्मतो आणि शंभर पावलांपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे ठिपके जिथे दाटलेत, तिथे मधोमध कुणीतरी एक माणूस असणार. त्याला काही दुखत नाही, खुपत नाही. तो हिंडतो, जेवतो, पण त्याच्या रक्तात जंतांची पिल्लं फिरतायत. डास त्याच्याकडे न्याहारी करतात आणि शेजारी जाऊन तोंड पुसतात. बेटभर गोळ्यांच्या तीन खेपा झाल्या, एव्हाना रोग सरायला हवा होता. पण आता संशोधनात असं दिसतंय की गोळ्या चुकवणारे थोडेच असतात, आणि दर खेपेला तेच ते असतात. तेवढ्यांच्या जिवावर रोग तग धरतो.

"इथं असं कोणीतरी आहे काका," लागी म्हणाली, "ज्याच्या पोटात गोळ्या पोचतच नाहीत."

"असल्या माणसाला गावाबाहेर काढला पाहिजे," फेरेति म्हणाला.

लागी मग फुआतिनोजवळ सरकली आणि हळू आवाजात बोलली. पुआच्या पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. पुआ म्हणजे फुआतिनोची नात, सात वर्षांची. आज तिला काही त्रास नव्हता. गोळ्या घेतल्या की जंत मरतील, असं लागीने सांगितलं. पण आसपासचे डास तेच राहिले, तर पुन्हा येतील. अन् मग कधीतरी, वीस-तीस वर्षांनी... तिची नजर चटईखालच्या पायाकडे गेली.

फुआतिनोचे हात थांबले. तिने लागीकडे बघितलं नाही, भावाकडेही नाही. डुकराकडे बघत राहिली.

आता त्या डुकराची खरी हकीकत.

सहा वर्षांपूर्वी गोळ्यांची पहिली खेप आली, तेव्हा अख्ख्या सातोमालूत सर्वांआधी गोळ्या गिळल्या त्या फेरेतिने, आणि त्याही भाषण ठोकून. संध्याकाळी ताप भरला. सकाळी उठला तर घराचे खांब हलत होते. त्याच दिवशी शेजारच्या फालेउता गावात नव्या सरदाराला किताब द्यायचा होता आणि सातोमालूच्या वतीने फेरेति बोलणार होता. तो गेला. काठी रोवून उभा राहिला. यजमानांची नावं मानाच्या क्रमाने घेऊ लागला. आणि जिथे त्या गावातल्या सर्वांत थोर घराण्याचं नाव यायचं, तिथे त्याच्या तोंडून बाहेर पडलं त्या घराण्याच्या तीन पिढ्यांच्या वैऱ्याचं नाव.

यजमानांच्या एका म्हाताऱ्या वक्त्याने आपली काठी जमिनीवर एकदा टेकवली. अगदी हळू. म्हणजे, बस खाली.

फेरेति बसला. गावाने त्याला दंड केला, मासळीच्या डब्यांची दहा खोकी. ती त्याने हसत भरली. पण काठीचा तो आवाज काही कानातून जाईना. गोळ्या देणाऱ्या नर्सने तेव्हा समजावलं होतं की ज्यांच्या अंगात जंत असतात त्यांनाच अशी चक्कर येते, जंत मरताना येते, म्हणून पुढच्या खेपेला तर नक्की घ्या. फेरेतिने त्यातलं निम्मं ऐकलं. किंवा सगळं ऐकलं आणि सोयीचं निम्मं ठेवून घेतलं.

पुढच्या दोन्ही खेपांना त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायला, आणि गोळ्या गालफडात राहिल्या. तीस वर्षं भाषणं करून गालफड असं सैल झालं होतं की त्यात लहानसा नीरफणस मावला असता. नंतर परसात जाऊन त्या हातावर घ्यायच्या. पण फेकणार कशा? सरकारी औषध, दूरदेशाहून आलेलं, ते वाया घालवायचं पाप त्याच्याने होईना. मग उकडलेल्या अळूच्या गड्ड्यात भरून त्या डुकराला. जंताचंच औषध ते, माणूस काय नि डुक्कर काय. डुक्कर महिन्याभरात असं तजेलदार झालं, की फेरेतिला त्याच्या तब्येतीसाठी काहीतरी कारण शोधणं भाग पडलं.

लागी नकाशा गुंडाळून गेली, आणि फेरेति डुकराशेजारी उकिडवा बसून राहिला. त्याला सगळं समजलं होतं. आठवडाभर भाषणाची सबब सांगून त्याने पट्टीसाठी बोट काही पुढे केलं नव्हतं. पुआ त्याच्या मांडीवर वाढलेली पोर. गोळ्या गिळायच्याच, त्यात आता बोलायला जागा नव्हती. पण उद्या फालेउताला पुन्हा किताबाचा सोहळा होता, त्याच थोर घराण्याचा, आणि त्यांनीच निरोप धाडला होता की सातोमालूकडून फेरेतिने बोलावं. सहा वर्षं तो या निरोपाची वाट बघत होता. वय बहात्तर. असा दुसरा निरोप येण्याइतकं आयुष्य कुणी बघितलंय? आणि गोळ्यांचं वाटप होतं आज दुपारी.

परवा, त्याने ठरवलं. आज गालात ठेवायच्या, घरी येऊन डबीत घालायच्या, उद्या बोलायचं, परवा गिळायच्या. डासांनी सहा वर्षं कळ काढली, आणखी दोन दिवस काढतील. आणि फेरेति जन्मभर काहीही सांगत आला असला, तरी परवा तो खरंच गिळणार होता.

दुपारी सभेच्या घरात सारं गाव जमलं. सरदार खांबांना टेकून, बायकांची समिती समोर, तिच्यात पुढे फुआतिनो. लोक कुरकुरत होते. तीनदा गिळल्या, तीनदा मळमळलं, आणि आता म्हणे पुन्हा. एकजण म्हणाला, रोग जात नाही तो नाही, आमची भूक तेवढी जाते. थोरल्या सरदाराने फेरेतिकडे पाहिलं. गावाला वळवायचं म्हणजे त्याचंच काम.

फेरेतिने नारळाच्या दोरांची चवरी, बोलणाऱ्या सरदाराची ती खूण, खांद्यावर टाकली आणि उभा राहिला. कुणाचा विश्वास बसणार नाही, असं आधीच बजावून त्याने सांगितलं, की त्याने गोळ्या घेतल्यावर जो डास त्याला चावला तो तिरपा उडायला लागला. दुसरा घर चुकला. तिसरा थेट प्रार्थनेला जाऊन बसला आणि त्याने चावायचंच सोडलं. लोक पोट धरून हसले, खरे पादरीसुद्धा. मग त्याचा आवाज खाली आला. तो म्हणाला, या गावात एक सात वर्षांची पोर आहे. तिचं नाव मी घेणार नाही. ती आज सकाळी वाळूवर धावत होती. ती म्हातारी होईपर्यंत तशीच धावली पाहिजे. इथे त्याचा आवाज कापला, आणि ते मात्र सोंग नव्हतं.

कुरकुर थांबली. हात पुढे यायला लागले. पहिला मान फेरेतिचा. लागीने त्याच्या तळहातावर मूठभर गोळ्या ठेवल्या. त्याने त्या एकदम तोंडात टाकल्या, वर पेलाभर पाणी ओतलं, दोन्ही हात पसरून गावाला दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आपल्या खांबाकडे वळला.

"फेरेति," फुआतिनो म्हणाली, "जीभ वर कर."

लोकांना वाटलं, बहीणभावाची थट्टा. काही हसले. फेरेतिही हसला, पण ओठ मिटून.

भर सभेत सरदाराला खोटं पाडायची तिथे कुणाची छाती नाही. पादरी बोलले तरी आडून बोलतील. पण बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातलं बुबुळ, असं त्या बेटांवर म्हणतात, आणि बुबुळाला उलटून कोण बोलणार?

"मागच्या दोन्ही खेपांच्या गोळ्या डुकराने खाल्ल्या," फुआतिनो म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगत होती. "दुसऱ्या दिवशी त्याच्या घाणीत मूठमूठ जंत पडायचे. घाण मी उचलते, मला कळणार नाही होय? म्हटलं, जाऊ दे, आपला भाऊ आहे, त्याचं तो बघेल. पण आज पोरीच्या पट्टीवर दोन रेघा आल्यात. जीभ वर कर."

फेरेतिजवळ चार उत्तरं तयार होती, त्यांतलं एक तर फारच झकास होतं. पण तोंड भरलेलं होतं, आणि गोळ्या विरघळून कडू जहर पाझरायला लागलं होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं. उद्याचं तिलाही ठाऊक होतं. फालेउताला भेट द्यायची चटई चार महिने तीच तर विणत होती. तिने नजर हलवली नाही.

फेरेतिने गिळलं. एका घोटात झालं नाही. घसा मध्येच अडला, डोळ्यांतून पाणी आलं. लागीने पुन्हा पेला भरून दिला, पुन्हा गिळलं. मग तो उजेडाकडे वळला, तोंड उघडलं, जीभ वर केली, आणि फुआतिनो मान हलवेपर्यंत तसाच उभा राहिला. अख्ख्या गावाने ते बोळकं पाहिलं.

शेवटच्या खांबाशी इओसेफो बसला होता. पन्नाशीचा, फेरेतिचा हात धरून भाषण शिकलेला सरदार. फेरेति रीतीप्रमाणे कमरेत वाकून त्याच्यापर्यंत गेला आणि खांद्यावरची चवरी उतरवून त्याच्यासमोर चटईवर ठेवली.

"उद्या तू बोल," तो म्हणाला. "थोरल्या घराण्याचं नाव आलं की घाई करू नकोस. दम घे, मग घे."

मग तो आपल्या जागी परत आला आणि खांबाला पाठ टेकून, डोळे मिटून, चक्कर यायची वाट बघत बसला.