गुजरीच्या रॅम्पचा राजीनामा

माझा डावा पाय शुगरनं नेला. पायाचं मी फार मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं ते वांग्यांचं.

पाय होता तोवर घरची भाजी मीच आणत होते. पांढुर्ण्याच्या गुजरीत मी शिरले की भाजीवाल्या बाया आपसूक सरळ होऊन बसायच्या. आता सून आणते. सून माझी उर्वशी, एमए झाली, पण वांगं तिला कळत नाही. भाव विचारते, मागतील तेवढे पैसे देते, अन् वरून थँक्यू म्हणते. अशा बाईला कोण चांगलं वांगं देईल?

त्यात गुजरीही सुधारली. नगरपालिकेनं नवा बाजार बांधला. चांगला उंच ओटा, वर पत्रे, चढायला पायऱ्या. माझी चाकाची खुर्ची पायऱ्यांखाली थांबायची अन् सून वर जायची. मी खालून ओरडायची, "देठ पाह्य वं! दाबून पाह्य!" ती वरून मोबाईलवर वांग्याचा फोटो पाठवायची. फोटो दाबून पाहता येते काय?

एकदा चार जणांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. साऱ्या भाजीवाल्यांनी हात जोडले, जशी देवीच आली. एकीनं तर सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट टाकला. मला रडू आलं. फुकट देणाऱ्या बाईशी भाव कसा करायचा? त्या दिवशी मी ठरवलं की गुजरीत जाईन तर माझ्या चाकांनी, नाहीतर नाही.

तेवढ्यात नगरपालिकेनं एक सलाहकार समिती काढली. अपंगांना गावात कुठं कुठं अडते ते आम्हीच सांगायचं. पगार नाही, चहा मिळे, तोही पाणचट. समितीत मी होते, हार्मोनियम शिकवणारे भाऊराव मास्तर होते, त्यांना दिसत नाही, अन् आणखी दोघं-तिघं. पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकलं, बाकी गाव मागून सुधरवा, आधी गुजरीला रॅम्प.

ठेकेदारानं बांधला. मास्तरांनी काठी टेकवून पाहिली अन् विचारलं, "बाई, भिंत कायले बांधली इथं?"

"भिंत नाही मास्तर, रॅम्प होय तो."

एवढा उभा होता की वरून खुर्ची सुटली असती तर मी जाम नदी ओलांडून थेट सावरगावात थांबले असते. आम्ही तो फोडायला लावला. दुसरा मात्र झकास झाला, लांब, हळू चढणारा. पण लांब झाला म्हणून तो रघुनाथरावाच्या कपड्याच्या दुकानासमोरून गेला.

रघुनाथराव म्हणजे बाजाराच्या व्यापारी संघाचा अध्यक्ष. अध्यक्ष झाला त्या दिवशी हारांनी मान अकडली, ती अजून अकडलेलीच आहे. पहिल्यांदा रॅम्प चढायला म्हणून मी नवं लुगडं नेसून गेले, तर रॅम्पवर प्लास्टिकच्या बाया उभ्या. साड्या नेसलेल्या, कमरेवर हात ठेवलेल्या.

"रघुनाथराव, हे काय होय?"

"पुतळे होत, वहिनी. नवीन माल आला ना."

"रॅम्पवर?"

"मंग? टीव्हीत पाहत नाही काय तुमी? रॅम्पवर बायाच चालतात."

"चालतात ना. तुह्या तं उभ्या हायेत."

"थांबा मंग घडीभर. गिऱ्हाईक करून राहिलो."

मी थांबले नाही. चाकांना हात घातला. मागून उर्वशी "आई, आई!" करत राहिली. पहिली बनारसीवाली दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, अन् शेवटची रघुनाथरावाच्या गळ्यात. एकीचा हात निसटून माझ्या मांडीवर आला. मी तो परत दिला. म्हणजे फेकला.

त्यानं नगरपालिकेत तक्रार केली. सीएमओ साहेबांनी, म्हणजे तिथल्या मुख्य अधिकाऱ्यांनी, दोघांनाही बोलावलं. आमचं गाव पडलं मध्य प्रदेशात, अन् साहेब पार तिकडचे, भिंडकडचे. मराठी त्यांना एवढीच येते की कोणी "चहा घ्या" म्हटलं तर घेतात. उर्वशीला मी बाहेरच थांबवलं, नाहीतर ती साहेबांनाही थँक्यू म्हणाली असती.

साहेब म्हणाले, "देखिए अम्माजी, आप भी बड़ी हैं, ये भी बड़े हैं। बात मत बढ़ाइए। दोनों राजीनामा कर लीजिए।"

माझ्या डोक्यात सणक गेली. राजीनामा मला माहीत नाही काय? मंत्री पैसे खाताना सापडला की देतो तो. मी कोणाचं काय खाल्लं होतं? समितीचा चहासुद्धा अर्धा सोडत होते.

"साहेब, मेरे को तुमने समिती में बुलाया था," मी म्हटलं. "मैं कोई अर्ज लेके नहीं आई थी। राजीनामा इसका लो।"

"इनका भी लेंगे। अकेले का राजीनामा थोड़े होता है। दोनों को करना पड़ता है।"

हा कोणता कायदा, मी मनात म्हटलं. मी समिती सोडायची, यानं अध्यक्षपद सोडायचं, अन् साहेब मधे बसून मजा पाहणार. पण रघुनाथराव कसला सोडते! त्या पदासाठी त्यानं बोरगावपासून मोहगावपर्यंतचे व्यापारी जेवू घातले होते.

तर रघुनाथराव म्हणते कसा, "मी तयार आहो साहेब. आत्ताच लिहा."

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

"रघुनाथराव, इचार करून बोलून राहिले ना?"

"त्यात काय इचार, वहिनी? सौंसरच्या कोर्टात शेताच्या धुऱ्या-बांधाच्या भांडणात मी कितीक राजीनामे केले. मनाले शांती भेटते."

मला वाटलं, केवढं मोठं मन! एका रॅम्पपायी माणूस पद सोडून राहिला अन् चेहऱ्यावर सुरकुती नाही. मग मी मागं राहू? आमच्या घराण्यात कोणी मागं राहिलं नाही.

"लिहा माझाही," मी म्हटलं. "पर कुर्सी मैं नहीं छोडूंगी। वो मेरे पैसे की है।"

"कुर्सी कौन ले रहा है, अम्माजी?" साहेब दचकले.

"अन् अट ऐका. रॅम्प पर आज के बाद पुतळा नहीं, पोतं नहीं, फटफटी नहीं।"

"वही तो लिख रहे हैं।"

भला माणूस. सांगायच्या आधीच लिहून राहिला होता. मी सही केली. चौथी शिकले मी, अंगठा लावत नाही. निघताना रघुनाथरावाला हात जोडले. "तुमच्यासारखा माणूस नाही पाह्यला," म्हटलं. तो घाबरला. माझ्या तोंडून चांगला शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

त्याचा त्याग मी झाकून ठेवला नाही. घरी जाता जाता पानठेल्यावर सांगितला, गिरणीवर सांगितला, आटोवाल्याला सांगितला. माझाही सांगितला, पण थोडक्यात. संध्याकाळपर्यंत व्यापारी गोळा झाले अन् लोखंडवाल्या गुणवंता सेठला अध्यक्षपदाचा हार घालून मोकळे. तो कधीचा मान पुढं करून बसलाच होता.

सकाळी रघुनाथराव दारात. डोळे लाल.

"वहिनी, मी राजीनामा कवा देल्ला?"

"माह्यासमोर तं देल्ला!"

"तो तो राजीनामा नोहे! हिंदीतला होता! हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता! दोघं राजी झाले, तो राजीनामा!"

आत उर्वशीच्या हातातून काहीतरी पडलं. ती हसून राहिली होती, मला कळलं.

"मंग तुमी तवाच काहून नाही सांगतलं?"

"मले काय माहीत तुमी पद सोडून राहिल्या म्हणून? आता आयका. मी अध्यक्ष नाही, तं माहा समझोताबी नाही. दुपारी बाया रॅम्पवर उभ्या करतो."

तो गेला. मी खुर्चीत बसून राहिले. गावाला खरं सांगावं तर गाव मला हसणार. नाही सांगावं तर रॅम्प जाणार, अन् मी परत फोटोतली वांगी खाणार. हसणं मी कधी सोसलं नाही. पण उर्वशीनं कालच आणलेली वांगी कापायला घेतली अन् पहिल्यातूनच अळी बाहेर आली.

"चाल," मी म्हटलं. "गुजरीत."

रघुनाथराव पहिली बाई बगलेत घेऊन दुकानाबाहेर येतच होता. मी त्याच्या नाकासमोरून रॅम्प चढले. मधे हात दुखले, थांबले, परत चढले. अर्ध्या वाटेवर उर्वशीनं खुर्चीला हात लावला, तशी मी तिच्याकडे पाहिलं. तिनं हात काढला. वर पोचल्यावर मी आवाज टाकला.

"आयका रे सारे! राजीनामा म्हणजे मिटवणं! साहेबाच्या हिंदीतलं होतं ते. रघुनाथरावानं पद सोडलं नाही अन् मी समिती सोडली नाही. गुणवंता, गळ्यातला कालचा हार काढ."

सारा बाजार हसून फुटला. मिरच्या तोलणारी बाई तराजू सोडून हसली. गर्दीतून भाऊराव मास्तर म्हणाले, "म्हणजे बाई, चुकी कोणाची झाली?"

"तुमची साऱ्यांची! दुकानाच्या पाट्या हिंदीत लावता, पोरं हिंदी शाळेत घालता, अन् मी चौथी शिकलेली बाई सांगते ते आयकून अध्यक्ष बदलवता? मी सांगतलं, पण तुमी आयकलं काहून?"

गुणवंतानं हार काढला. रघुनाथरावानं प्लास्टिकची बाई खाली ठेवून तो घेतला, अन् मग एवढ्या लोकांसमोर तिला रॅम्पवर उभी करायची त्याची हिंमत झाली नाही. तिला घेऊन तो दुकानात गेला.

मी वांगीवालीपुढं खुर्ची लावली. यावेळी कोणी हात जोडले नाहीत. ती अजून पदराआड हसूनच राहिली होती, अन् हसता हसता तिनं भाव सांगितला. तो ऐकून माझं रक्त तापलं.

"काय वं, सोनं होय काय?"

"घ्याचं तं घ्या, आजी. समझोता नाही होत."

मी एक वांगं उचललं, दाबलं, नखानं देठ पाहिला अन् टोपल्यात टाकून दिलं. मग उर्वशीला सांगितलं, तू घरी जाय, मले वेळ लागन.